ट्रेकला हाफ पॅन्ट की फुल पॅन्ट? आधी महिना सांगा, मग वाट

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड करतो, कायम शॉर्ट्सवर. आता नोव्हेंबरात राजगड-तोरणा, जानेवारीत वासोटा आणि पुढच्या पावसाळ्यात अंधारबन असा बेत आहे. ग्रुपच्या सूचनांमध्ये 'फुल पॅन्ट सक्तीची' असं लिहिलंय. फुल पॅन्ट घालून चढायचं म्हणजे उकाड्याने जिवावर येतं. खरंच गरज असते का, की उगाच नियम?"

राजगड-तोरणा आणि वासोट्याला फुल. अंधारबनला हाफ चालेल, किंबहुना हाफच बरी पडेल. सिंहगडला आज जे घालताय तेच घालत राहा. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी हरकत नाही. कारणं समजून घेतलीत तर मात्र दर ट्रेकच्या आधी कुणाला विचारत बसावं लागणार नाही.

बहुतेक जण कपड्यांचा हिशेब हवेवरून करतात. ऊन तापलं की हाफ, पाऊस किंवा थंडी असली की फुल. शहरात ते बरोबर आहे. सह्याद्रीत जवळजवळ उलटं आहे. इथे पाय झाकायचा तो वाटेच्या दोन्ही कडांपासून. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, म्हणजे नडगीला आणि पोटरीला, चालताना काय काय घासणार आहे एवढंच बघायचं. ते दोन गोष्टींवर ठरतं: महिना कोणता आणि वाट किती मळलेली.

सिंहगडाची वाट वर्षभर हजारो पायांनी तुडवलेली असते. दोन माणसं शेजारून जातील एवढी रुंद, मध्ये गवताची काडी नाही. तिथे पायाला फक्त धूळ लागते. लोहगडाच्या पायऱ्या, बारी गावातून कळसूबाईची शिड्यांची वाट, गुंजवण्यातून राजगड, या सगळ्या त्याच जातीच्या. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, म्हणून लोक तिथे जय्यत तयारीने येतात. पण बारीच्या बाजूने जाणार असाल तर तुमच्या नडगीला सिंहगडापेक्षा वेगळं काही भेटणार नाही. उंचीचा आणि पॅन्टच्या लांबीचा संबंध नाही.

राजगड-तोरणा मात्र वेगळं प्रकरण आहे. राजगडापर्यंत सगळं ओळखीचं वाटतं. संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून बाहेर पडलात की माणसांची वर्दळ संपते आणि तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या लांब निमुळत्या धारेवरून, चालत राहायचं असतं. पावसाळा संपल्यावर या सोंडेवर गवत कमरेएवढं होतं. वाट असते, पण ती गवताच्या तळाशी. पाऊल वाटेवर पडतं आणि गुडघ्यापर्यंतचा पाय गवतातून जातो. ऑक्टोबरात हे गवत हिरवं असतं तोवर फार तर बारीक चिरे पडतात. नोव्हेंबरात ते वाळतं, आणि मग कुसळांचा हंगाम सुरू होतो.

कुसळ एकदा हातात घेऊन नीट बघा. पुढे सुईसारखी अणी, तिच्यावर मागच्या बाजूला वळलेली बारीक ताठ लव आणि मागे लांबलचक शेपूट. हे शेपूट कोरडं असताना पीळ घालून बसतं, ओल लागली की पीळ सोडतं, परत वाळलं की परत पिळतं. बी जमिनीत घुसावं म्हणून ही सगळी सोय. पण त्याला जमीन आणि तुमचा मोजा यांतला फरक कळत नाही. मोज्यात घामाची ओल असतेच, चालताना कापड हलतच असतं, त्यामुळे कुसळ गिरमिटासारखं आत शिरत जातं आणि उलटी लव त्याला मागे येऊ देत नाही. हाफ पॅन्टवाल्याच्या उघड्या पोटरीवर ते टिकत नाही, ओरखडा काढून खाली पडतं. पडतं कुठे, तर मोज्याच्या काठात आणि बुटाच्या तोंडाशी. तासाभरात घोट्याभोवती शंभरेक कुसळं जमलेली असतात आणि दर पावलाला टोचत असतात. काढताना शेपटाला धरून बाहेर ओढू नका, शेपूट हातात येतं आणि अणी आत राहते. मोजा उलटा करायचा आणि टोकाच्या बाजूने, आतून ओढायचं.

इथे कापडाचाही प्रश्न येतो, तो पुढे सांगतोच. आत्तापुरतं एवढं की कुसळाला धरायला मऊ, सैल विणीचा धागा लागतो. होजिअरीची ट्रॅक पॅन्ट आणि लोकरीचे मोजे त्याला फार आवडतात. गुळगुळीत, घट्ट विणीच्या नायलॉनवरून त्यातली बरीचशी घसरून जातात. म्हणजे फुल पॅन्ट घातली म्हणून सुटलात असं नाही. चुकीच्या कापडाची फुल पॅन्ट तोरण्याला पोचेपर्यंत साळिंदर होते.

याच दिवसांत खाजकुइली पिकते. डोंगराच्या पदरातल्या, म्हणजे मधल्या सपाटीवरच्या रानात, झुडपांवर चढलेला वेल, त्याला लटकलेल्या सोनेरी-तपकिरी मखमली शेंगा. दिसायला इतक्या देखण्या की नवखा माणूस हात लावतोच. त्या मखमलीचा एकेक केस म्हणजे बारीक सुई, आणि तिच्यात खाज आणणारं प्रथिन भरलेलं. शेंगेला हात लावायचीही गरज नाही. शेंगा वाळल्या की वारा आला तरी केस उडतात, खालच्या गवतावर बसतात आणि तिथून पायाला लागतात. लागले तर चोळायचं नाही, हा पहिला आणि शेवटचा नियम. चोळलं की केस आणखी आत जातात आणि हाताला लागून मानेवर, डोळ्यांपर्यंत पोचतात. चिकटपट्टी लावून उचकटायची, दोन-चार वेळा, दरवेळी नवी पट्टी. मग भरपूर पाण्याने धुवायचं. प्रथमोपचाराच्या पेटीत चिकटपट्टीचं एक रीळ ठेवलंत तर चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये त्या दिवशीचे तारणहार तुम्ही. फुल पॅन्टवर केस बसले तर ते कापडावर राहतात. संध्याकाळी पॅन्ट हाताने न झटकता, आतली बाजू बाहेर करत उतरवायची, बस्स.

काट्यांचं काय सांगावं. घाणेरी सगळीकडे आहे आणि तिचे बारीक काटे पायावर रेघा ओढतात. त्या दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी कळतात. करवंदीचा काटा सरळ आणि दणकट, टोचतो पण सोडतो. वाघाटीचा काटा मागे वळलेला, आकड्यासारखा. पाय पुढे काढलात तर तो आणखी रुततो, म्हणून थांबायचं, एक पाऊल मागे यायचं आणि मग सोडवायचं. घाटवाटांवर कारवीचं रान असतं. सात वर्षांनी एकदा फुलून कारवी मरते, तिच्या वाळलेल्या काठ्या तशाच उभ्या राहतात आणि मोडल्या की त्यांची टोकं नडगीच्या उंचीवरच येतात. अशा वाटेवर हाफ पॅन्टमध्ये उतरलेल्या माणसाचे पाय पायथ्याला ओळखू येतात.

आणि घसारा. याचा विचार कुणी करत नाही, कारण तो गुडघ्याच्या खालचा प्रश्न नाही. बुधला माचीच्या आसपास असो की एखाद्या नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीत, सुट्या मुरमावर उतार आला की नवखे बूड टेकून उतरतात. जुनेजाणतेही कधीकधी टेकतात, फक्त सांगत नाहीत. पातळ रनिंग शॉर्ट्स अशा वेळी पाच मिनिटांत मागून फाटते आणि मांडीची मागची बाजू सोलवटून निघते. घसरत गुडघ्यावर आलात तर गुडघाही. साधी का होईना, फुल पॅन्ट असली की तिचं कापड सोलवटतं, तुमची कातडी वाचते. कड्यावर रॉक पॅच, म्हणजे उभ्या कातळाचा टप्पा, चढतानाही तेच. हात पोचत नाही तिथे माणूस नकळत गुडघा टेकतो. टेकू नये असं शिकवलं जातं, तरी टेकतो.

वासोट्याला ही सगळी झुडपं तर आहेतच, शिवाय दाट जंगल आहे. बामणोलीहून शिवसागर जलाशय बोटीने ओलांडून पलीकडे उतरलात की वाट कोयना अभयारण्यातून जाते. अर्धा रस्ता सावलीचा. फुल पॅन्टमध्ये उकडतं ही तुमची मुख्य तक्रार तिथे टिकणारच नाही. जानेवारीत सकाळी बोटीत बसल्यावर हाफ पॅन्टवाले गुडघे पोटाशी घेऊन बसतात. जंगलात गोचीड असतात, आणि त्यांच्याबद्दल जरा गंभीरपणे बोलायला हवं.

आपल्याकडे ट्रेकर गोचिडाला फार मनावर घेत नाहीत. गुरांची कीड, दिसली की उपटून टाकायची, एवढंच. पण तिलारी, दोडामार्ग, बांदा या पट्ट्यात किंवा गोव्यात सत्तरीच्या रानात फिरणार असाल तर गोचीड चावल्याने होणाऱ्या माकडतापाची माहिती हवी. त्याचा विषाणू 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, म्हणून या तापाचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. गोव्यात सत्तरीत 2015 मध्ये आणि सिंधुदुर्गात 2016 मध्ये त्याचे रुग्ण निघाले, काहींचे जीवही गेले. काजूच्या बागेत आणि जंगलात काम करणाऱ्यांना सर्वांत जास्त धोका. हिवाळ्यापासून पाऊस पडेपर्यंत जोर असतो, म्हणजे नेमका आपला ट्रेकिंगचा हंगाम. माणसाला चावते ती बहुतेक वेळा गोचिडाची पिल्लावस्था, एक-दोन मिलिमीटरची, पायावर चढलेली कळतसुद्धा नाही. तिथे फुल पॅन्ट, तीही फिक्या रंगाची, आणि पॅन्टचं टोक मोज्यात खोचलेलं. दिसायला बावळट दिसतं, दिसू द्या. फिक्या रंगावर चढणारा ठिपका दिसतो, काळ्या ट्रॅक पॅन्टवर दिसत नाही. जंगलात पाचोळ्यावर बूड टेकायचं नाही. मुक्कामाला पोचल्यावर गुडघ्यामागची घडी, जांघ, कमरपट्ट्याची रेघ तपासायची. आठवडाभरात सणकून ताप आला तर डॉक्टरांना "या भागात फिरून आलोय" हे आधी सांगायचं.

विदर्भातल्या वाचकांसाठी याचंच भावंड म्हणजे स्क्रब टायफस. 2018 मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची मोठी लाट आली होती. हा आजार गवतातल्या माइट नावाच्या अतिसूक्ष्म किडीच्या अळीमुळे होतो, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात, गवत उंच असताना जास्त. चावल्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते, तीही जांघेत नाहीतर काखेत, जिथे आपण बघत नाही. उपाय तोच: झाकलेला पाय, गवतात लोळायचं नाही, घरी आल्यावर कपडे लगेच धुवायला.

सापाच्या भीतीने फुल पॅन्ट घालणारेही पुष्कळ भेटतात. फुरसं वाटेवरच्या दगडांत असतं, रंगाने दगडात मिसळून जातं आणि पाय पडला की चावतं. पण ते चावतं पावलाला नाहीतर घोट्याला. त्यामुळे सापापासून वाचायचं असेल तर पॅन्टच्या आधी घोट्यापर्यंतचा बूट, हातात काठी आणि अंधारात टॉर्च. पॅन्टचा उपयोग अगदीच नाही असं मात्र नाही. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रॅटलस्नेकना सलाइन भरलेल्या रबरी हातमोज्यांना चावू दिलं होतं, काही मोजे उघडे आणि काहींवर डेनिम चढवलेलं. डेनिमखालच्या मोज्यांत विष निम्म्याहूनही बरंच कमी उतरलं, बाकीचं कापडातच सांडलं. तिथला साप वेगळा, कापड जाड. आपल्या पातळ ट्रेक पॅन्टला तेच लागू पडेल असं समजू नका. पण सैल कापड आणि कातडी यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा असणं केव्हाही चांगलं. म्हणून पायाला चिकटलेल्या लेगिंग्जपेक्षा ढगळ पॅन्ट बरी. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही न करता, पाय फार न हलवता सरकारी रुग्णालय गाठायचं.

आता तुमच्या उकाड्याकडे येतो. एप्रिल-मेमध्ये शॉर्ट्स घालण्याचा मोह मला कळतो. पण त्या दिवसांत डोंगरावर झाड नाही, गवत जळून गेलेलं, खाली काळा बेसॉल्ट तापलेला. ऊन वरून येतं तसं खडकावरून खालूनही येतं. साल्हेरसारख्या, 1567 मीटर उंचीच्या किल्ल्यावर दुपारी चालताना उघडी पोटरी दोन तासांत भाजून लाल होते आणि रात्री पांघरुणाचाही स्पर्श सहन होत नाही. पातळ, ढगळ, फिक्या रंगाची फुल पॅन्ट ही पायाला लावलेली सावली असते. घाम त्यातून जातो, ऊन अडतं. तुम्हाला उकडतं ते पॅन्ट लांब आहे म्हणून नव्हे. ती जाड आहे किंवा अंगाला चिकटते म्हणून. सुती कार्गो किंवा जीन्स घालून चढून बघितलं असेल तर तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. शिवाय मे महिन्यात करवंदं पिकतात आणि ती खायला आपण सगळे झुडपात शिरतोच. हात सांभाळून घालतो, पाय विसरतो.

पावसाळ्यात मात्र चित्र पालटतं, आणि नेमकं तेव्हाच लोक फुल पॅन्ट चढवतात. अंधारबनची वाट पिंपरीपासून भिऱ्याकडे उतरत जाते. धुकं, संततधार, मध्ये ओढे. दहा मिनिटांत सगळे चिंब. भिजलेली फुल पॅन्ट गुडघ्याला चिकटते, मोठी पायरी चढताना ओढ बसते, कमरेवरून खाली सरकते आणि दर ओढ्याला नव्याने पाणी पिते. मांड्यांच्या आतल्या बाजूला ओलं कापड तासन् तास घासलं की तिथली कातडी लाल होऊन सुटते. असा माणूस शेवटचे दोन तास पाय फाकून चालतो. गुडघ्याच्या वर येणारी, पटकन वाळणारी शॉर्ट्स आणि तिच्या आत मांडीपर्यंतची घट्ट सायकलिंग शॉर्ट्स, हा पावसाळ्यातल्या मळलेल्या वाटेसाठी मला सर्वांत सोयीचा वेश वाटतो. जांघेत थोडी व्हॅसलीन लावली की आणखी उत्तम. पावसात गवत हिरवं आणि लवचीक असतं, कुसळ नाही, खाजकुइलीच्या शेंगा धरायच्या आहेत, धूळ नाही, ऊन नाही. फुल पॅन्टची निम्मी कारणं आपोआप गळून पडतात. तेवढं वन खात्याची त्या आठवड्यात बंदी आहे का, हे निघण्याआधी बघून घ्या. पावसाळ्यात अंधारबनसारख्या वाटा बंद केल्या जातात.

"मग जळवा?" हा पुढचा प्रश्न येणारच. आंबोली, कोयनेचं खोरं, चांदोली इथे पावसात जळवा भरपूर. जळू बुटावरून चढते, मोज्याच्या विणीतून किंवा काठावरून आत जाते. फुल पॅन्टमध्ये ती आत शिरली तर वर वर जाते आणि कळतं ते रात्री, कपडे बदलताना. उघड्या पायावर ती दिसते, दिसली की नखाने तिचं तोंड बाजूला सारून टिचकीने उडवता येते. म्हणून जळवांच्या रानात एकतर गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे खास जळू-मोजे आणि त्यांत खोचलेली फुल पॅन्ट, नाहीतर सरळ हाफ आणि दर अर्ध्या तासाने थांबून तपासणी. नुसती फुल पॅन्ट म्हणजे धड ना हे, धड ना ते. मीठ किंवा तंबाखूचं पाणी बुटावर लावतात, पावसात ते लवकर धुऊन जातं. जळू सुटल्यावरही रक्त बराच वेळ येत राहतं, कारण ती रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. घाबरायचं नाही, जागा साबणाने धुऊन दाबून धरायची.

पावसाळ्यात हाफ पॅन्टला एक अट आहे. पायावर आधीची जखम, ओरखडा, फुटलेला फोड असेल तर भातखाचरातून, गुरांच्या वाटेवरच्या चिखलातून उघड्या पायाने जाऊ नका. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू अशाच पाण्यात असतात आणि अशाच जखमेतून शिरतात. कोकणात दर पावसाळ्यात त्याचे रुग्ण निघतात. काट्याचा नायटा होतो तो असा. जखम असेल तर ती जलरोधक पट्टीने झाका, फुल पॅन्ट घाला, आणि नंतर ताप आला तर अंगावर काढू नका.

एक गंमत तुमच्याही लक्षात आली असेल. आपण एवढी चर्चा करतो आणि पुढे चालणारा गावातला वाटाड्या खाकी हाफ पॅन्ट आणि रबरी चप्पल घालून त्याच वाटेने जातो. सरपण घेऊन उतरणाऱ्या मावशी लुगड्याचा काष्टा मारून गुडघ्यापर्यंत मोकळ्या पायाने आपल्याला ओलांडून जातात. मग आपल्यालाच काय झालंय? त्यांचे पाय बघा आणि त्यांची चाल बघा. ते गवतातून पाय ढकलत नेत नाहीत, पाऊल उचलून ठेवतात. काटा कुठल्या वळणावर आहे ते त्यांना पाठ असतं आणि हातात कोयता असतो. शिवाय ओरखडे त्यांनाही येतात, ते फक्त मोजत नाहीत. त्यांना बघून चप्पल घालणारे शहरी हौशी मी पाहिलेत. घालू नका.

पॅन्ट कुठली घ्यायची ते थोडक्यात. जीन्स नको, भिजली की वाळत नाही, गुडघ्यात वाकत नाही. जाड सुती कार्गो त्याहून थोडी बरी, एवढंच. होजिअरीची ट्रॅक पॅन्ट कुसळांना आणि काट्यांना मोकळं रान आहे. नायलॉन किंवा पॉलिस्टरची घट्ट विणलेली, किंचित ताणली जाणारी पातळ पॅन्ट घ्या. डेकॅथलॉनमध्ये मिळते, इतरही ठिकाणी मिळते, ब्रँडपेक्षा मापाकडे लक्ष द्या. दुकानातच एक पाय स्टुलावर ठेवा आणि पुढे वाका. गुडघ्यावर किंवा जांघेत ओढ बसली तर एक नंबर मोठी घ्या. उकिडवं बसून बघा. खालचं टोक आवळायला नाडी किंवा इलॅस्टिक असावं. खिशाला चेन हवी. मांडीवरच्या बाजूच्या खिशात मोबाइल ठेवून चढलात तर तो दर पावलाला मांडीवर आपटतो, तेव्हा तो खिसा रिकामा ठेवा. मुलींना एक जास्तीचा सल्ला: लेगिंग्जमध्ये हालचाल मोकळी होते हे खरं, पण कुसळ त्यातून थेट कातडीत जातं आणि करवंदीच्या एका काट्याने लांब उसवतात. वर सैल पॅन्ट असेल तर आत खुशाल घाला.

गुडघ्याला चेन असलेली, खालचा भाग सुटून हाफ होणारी पॅन्ट हा दोन्ही डगरींवर हात ठेवायचा प्रकार आहे. एकच पॅन्ट घ्यायची असेल तर ही घ्या, माझा विरोध नाही. पण दोन गोष्टी बघा. चेन गुडघ्याच्या वाटीवर येता कामा नये, नाहीतर रॉक पॅचवर गुडघा टेकलात की ती रुतते. आणि खालच्या भागाला बाजूने दुसरी चेन हवी, म्हणजे बूट न काढता तो निघेल. नाहीतर चिखलाचे बूट काढायचा कंटाळा येतो आणि दिवसभर ती फुलच राहते. थ्री-फोर्थबद्दल माझं मत वाईट आहे. ती गुडघा झाकते, पण जिथे सगळं लागतं ती नडगी उघडी ठेवते. त्यापेक्षा हाफ पॅन्ट आणि बुटावरून चढवायचं कापडी आवरण, म्हणजे गेटर बरं, घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत. कुसळं बुटात जाणं त्याने थांबतं.

हिमालयाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण इथून तिथे जाणारे बरेच असतात म्हणून एक ओळ: बर्फ असेल तिथे फुल, वाद नाही. बर्फावरून परतणारं ऊन पायाच्या मागच्या बाजूलाही भाजतं आणि हवा तासाभरात बदलते. खालच्या जंगलपट्ट्यात हाफ घालावीशी वाटली तर वाटेच्या कडेला बिच्छू घास, म्हणजे लागताच आग करणारं झुडूप, आहे का तेवढं आधी बघा.

राहिला ग्रुपचा नियम. तो तुमच्यासाठी लिहिलेला नाही, सगळ्यांसाठी लिहिलेला आहे. चाळीस जणांत कोण कुसळाने रडकुंडीला येईल आणि कुणामुळे सगळी रांग थांबेल, हे लीडरला आधी कळत नाही. अंधार पडायच्या आत तोरणा उतरायचा असेल तर त्या थांबण्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. पावसाळ्यातल्या ट्रेकलाही तोच नियम डोळे झाकून चिकटवत असतील तर मात्र लीडरशी बोला, पटण्यासारखं आहे. गावात कुणाच्या घरी जेवण-मुक्काम असेल तर तिथे बसता-उठताना फुल पॅन्ट घालावी, हा वेगळा आणि साधा शिष्टाचार.

नोव्हेंबरात राजगड-तोरण्याहून परतताना बसमध्ये बदलायला तुमची लाडकी शॉर्ट्स बॅगेत ठेवा आणि उतरवलेली पॅन्ट वेगळ्या पिशवीत गाठ मारून. घरी ती वॉशिंग मशिनमध्ये इतर कपड्यांबरोबर टाकू नका, कुसळं टॉवेलमध्ये आणि बनियनमध्ये जाऊन बसतात. आधी जुन्या कंगव्याने वरून खाली झाडा, मग बादलीत एकटीच भिजवा. खाजकुइली लागल्याची शंका असेल तर प्लास्टिकचे हातमोजे घालून, दोन पाण्यांतून काढा, आणि बादलीही नंतर विसळून ठेवा.